देवीचा उपास आणि कूस उजवण्याची आस

घटस्थापना झाली की पनवेलच्या जुन्या गावठाणात आणि भोवतालच्या आगरी-कोळी वस्त्यांत देवीचा जागर सुरू होतो. मासळी वर्ज्य होते, उपास धरले जातात, आणि सवाष्णींच्या ओट्या भरल्या जातात. त्या ओटीतील नारळाकडे ज्या भगिनी आपली कूस उजवावी म्हणून आशेने पाहतात, आणि ज्यांना एंडोमेट्रिओसिस या विकाराने ग्रासले आहे, त्यांच्या ताटाविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे.

या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारखे पेशीजाल त्याच्या बाहेर, बीजकोशांवर व ओटीपोटातील अन्य अवयवांवर वाढते. तेथे दाह होतो, अवयव एकमेकांस चिकटतात, बीजकोशांत जुन्या रक्ताच्या गाठी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो. तथापि ‘पाळीत दुखायचेच’ असे म्हणून घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनीच तिची बोळवण केलेली असते, आणि निदानास वर्षे लोटतात.

अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीपुढील पेच तर आणखी निराळा. वेदना शमविण्यासाठी संप्रेरकांची जी औषधे दिली जातात, ती बहुधा बीजनिर्मितीच थांबवितात. म्हणजे औषध घ्यावे तर गर्भधारणा नाही, आणि सोडावे तर वेदना परततात. अशा वेळी स्वयंपाकघर तेवढे तिच्या हाती उरते. मग कोणी गहू सोडावयास सांगते, कोणी दूध, कोणी सोळा सोमवार सुचविते. या मोहाला हसणे आम्हांस क्रूरपणाचे वाटते.

परंतु जे ठाऊक आहे ते स्पष्ट सांगितले पाहिजे. अमेरिकेतील सुमारे ७० हजार परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. मासळीत विपुल असणारी ओमेगा-३ स्निग्धे सर्वाधिक घेणाऱ्या स्त्रियांत या विकाराचे निदान, ती सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा २२ टक्क्यांनी कमी आढळले. उलट ट्रान्स स्निग्धे सर्वाधिक घेणाऱ्यांत ते ४८ टक्क्यांनी अधिक होते. हा केवळ संबंध आहे, जडलेला विकार आहाराने बरा होतो असा पुरावा नव्हे. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ सालच्या मार्गदर्शिकेत, विशिष्ट आहाराने गर्भधारणेची शक्यता वाढते असा स्पष्ट पुरावा नाही, असेच नमूद केले आहे.

मग पथ्य निरर्थक काय? मुळीच नाही. १८७२ साली ज्या गावात ‘श्री धूतपापेश्वर’ हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना उभा राहिला, त्या पनवेलकरांना पथ्य हे उपचाराच्या सोबतीने चालते, त्याच्या जागी बसत नाही, हे आम्ही काय सांगावे! बांगडा, तारली यांसारखी मासळी, शाकाहारी घरांत जवसाची चटणी, पालेभाज्या, कडधान्ये, नाचणी, मोसंबी. आणि वनस्पती तुपातील व पुन्हा पुन्हा तापविलेल्या तेलातील तळणास फाटा. हे ताट महागडे नाही, परदेशी तर नाहीच. गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी मात्र ताटातील कशानेही चुकत नाही. गहू वा दूध सोडल्याने एखादीस खरोखर बरे वाटत असेल तर तिने ते अवश्य करावे. पण त्यातून जाणाऱ्या प्रथिनांची व चुन्याची भरपाई आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावी.

आमचा खरा आक्षेप नऊ दिवसांच्या उपासाला आहे, तोही देवीपुढे नव्हे, सासरच्या मंडळींपुढे. अतिस्रावाने जिचे रक्त आधीच उणे झाले आहे, तिच्यापुढे नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस ठेवणे यात कोणते पुण्य? आपल्या परंपरेत ‘उठता-बसता’ उपासाची सोय पूर्वापार आहे: घट बसताना एक दिवस, उठताना एक दिवस. ती या सुनांसाठी विनातक्रार मान्य व्हावी. ज्यांना नऊही दिवस पाळावयाचेच असतील, त्यांनी वैद्यकीय सल्ल्याने राजगिरा, दही, शेंगदाणे, फळे यांवर भर द्यावा.

आणि व्रतांच्या नादात वय मात्र थांबत नाही. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास, आणि पस्तिशी गाठली असल्यास सहा महिन्यांतच, तज्ज्ञांकडे जावे असा सर्वसाधारण संकेत आहे. विकाराचे निदान आधीच झाले असेल तर तेवढेही थांबू नये. दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी की नळीतील गर्भधारणेचा मार्ग धरावा, हे रुग्णागणिक ठरते. त्या भेटीस पतीनेही सोबत जावे आणि आपली वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत करून घ्यावी. पुष्कळ घरांत सून दोन-दोन वर्षे पथ्य पाळते, आणि ही साधी तपासणी तेवढी राहून गेलेली असते.