आधी पेशी ओळखा, मग रोध मोजा

रक्त-मेंदू अडथळ्याचे नवे प्रारूप मांडणाऱ्या लेखात वाचकाची नजर आधी टीईईआरच्या आकड्याकडे जाते. ट्रान्सवेलच्या पडद्यावर वाढवलेल्या थराचा विद्युतरोध जास्त, म्हणजे थर घट्ट. आणि थर घट्ट, म्हणजे प्रारूप अस्सल, असे आपण धरून चालतो. या समजुतीने आपल्या क्षेत्राचे दोनदा नुकसान केले आहे.

ईसीव्ही-३०४ ही सेल लाइन १९९० मध्ये नाळेच्या शिरेतील एंडोथेलियल पेशी म्हणून जाहीर झाली. उंदराच्या सी-६ ग्लायोमा पेशींच्या सोबतीने तिचा थर घट्ट होतो म्हणून मेंदूच्या अडथळ्यासाठीही ती वापरली गेली. १९९९ मध्ये डीएनए ठसे जुळवल्यावर ती टी-२४, म्हणजे मूत्राशयाच्या कर्करोगाची लाइन निघाली. नवल वाटू नये. घट्ट सांधे एपिथेलियल पेशीही बांधतात, आणि मूत्राशयाचे अस्तर तर शरीरातल्या सर्वांत घट्ट अस्तरांपैकी एक आहे.

दुसरी घटना अजून ताजी आहे. २००५ पासून हाताशी असलेली एचसीएमईसी/डी-३ मानवी मेंदूच्या केशवाहिन्यांतूनच आलेली, पण तिचा रोध काही दशक ओहम-चौ.सेंमी.च्या पुढे सहसा जात नाही. जिवंत उंदराच्या मेंदूवरील रक्तवाहिन्यांत तो हजाराच्या वर मोजला गेला आहे. म्हणूनच विस्कॉन्सिनच्या गटाने २०१२ मध्ये मूलपेशींपासून घडवलेल्या पेशींचे एवढे स्वागत झाले. २०१४ मध्ये रेटिनॉइक ॲसिडची जोड मिळाल्यावर त्यांचा रोध पाच हजारांच्या घरात गेला. पुढे २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी जनुकांची अभिव्यक्ती तपासून या पेशी मुळात एपिथेलियल असल्याचे दाखवले.

त्या टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. लहान रेणू थरातून किती झिरपतो, एवढाच प्रश्न असेल तर त्या उपयोगी पडतील. पी-ग्लायकोप्रोटीनसाठी कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या एमडीसीके पेशी आपण वर्षानुवर्षे वापरतोच, फक्त त्यांना मेंदूच्या म्हणत नाही. पण टी-पेशी वाहिनीच्या भिंतीला कशा चिकटतात, हे अभ्यासायचे तर भिंत रक्तवाहिनीचीच हवी. बर्नच्या गटाने २०२० मध्ये मांडलेली पद्धत यासाठी अधिक भरवशाची वाटते, तिचा रोध कमी असला तरी.

यापुढे आमच्याकडे येणाऱ्या लेखांत पीईसीएएम-१ आणि व्हीई-कॅडहेरिन यांचा पुरावा केवळ प्रतिपिंडाच्या रंगावर न थांबता आरएनए पातळीवरही द्यावा. एपकॅम नसल्याचे दाखवावे. सेल लाइन असल्यास एसटीआर अहवाल जोडावा. टीईईआर देताना रिकाम्या पडद्याचा रोध वजा केला का, पडद्याचे क्षेत्रफळ किती आणि मोजणी कोणत्या तापमानाला झाली, हे लिहावे. थंड माध्यमात आकडा आपोआप फुगतो. आणि पेशींची ओळख पक्की असेल, तर केवळ रोध कमी म्हणून लेख परत पाठवू नये, असे आम्ही परीक्षकांना कळवले आहे.