साखळीची करवत आणि सत्तरीतले हात

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा आमच्या कर्जत-खालापूर भागातही झाडे आडवी झाली. तोपर्यंत साखळीची करवत, म्हणजे इकडच्या बोलीतले ‘कटर’, बहुतेकांनी दुसऱ्याच्या हातातच पाहिलेली होती. आता ती काही घरांच्या पडवीतही दिसते. मे महिना सरू लागला की छपरावर झुकलेल्या फांद्या उतरवण्याची घाई होते आणि ही करवत बाहेर निघते.

गेल्या मे महिन्यात दहिवलीतल्या माझ्या दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले. वय ७२, हृदयात स्टेंट, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या रोज चालू. विजारीला मांडीवर हातभर चीर पडली होती. सुदैवाने कातडीवर केवळ ओरखडा उठला होता. “डॉक्टर, करवत अंगावर उसळली,” एवढेच ते म्हणाले. मागे उभ्या असलेल्या सूनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

करवत उसळते याचे कारण समजून घेतले पाहिजे. साखळी ज्या पोलादी पट्टीवर धावते, तिच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला किंवा पलीकडच्या फांदीला लागला, की दात तिथे अडकतात आणि इंजिनाची सारी ताकद पट्टीला वर आणि मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या तोंडाकडे फेकते. हे इतक्या वेगाने घडते की तरुणालाही हात आवरता येत नाही. म्हणून पुढच्या मुठीसमोर साखळी थांबवणारा ब्रेक असतो; काम सुरू करण्यापूर्वी तो लागतो की नाही हे तपासावे. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून पूर्ण वळवून धरावा, शरीर साखळीच्या रेषेच्या किंचित डावीकडे ठेवावे, टोकाने कापू नये, आणि खांद्याच्या वर करवत नेऊ नये. सुरू करताना ती ब्रेक लावून जमिनीवर दाबून धरावी. हवेत धरून दोरी ओढणे ही बहाद्दुरी नव्हे. शिडीवर चढून करवत चालवणे तर माझ्या मते कोणत्याही वयात निषिद्ध आहे. आपल्याकडे नेमके तेच आवडीने केले जाते.

वादळात पडलेले झाड त्याहून फसवे. वाकून ताणलेली फांदी कापताच धनुष्यासारखी सुटते. फांदीला विजेची तार लागली असेल, तर महावितरणचे कर्मचारी येईपर्यंत जवळही जाऊ नये. नगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडायला आधी परवानगी लागते, हेही येथेच सांगून ठेवतो.

आता माझ्या विषयाकडे येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची जखम लवकर थांबत नाही. मधुमेहात बोटांची व तळपायांची जाणीव मंदावते, पकड आणि तोल दोन्ही डळमळतात. चक्कर येणाऱ्यांविषयी वेगळे सांगायला नको. पेसमेकर असलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय चालू करवतीजवळ जाऊ नये, कारण इंजिनाच्या ठिणगीयंत्रणेचा त्यावर परिणाम होऊ शकतो. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. बंद केलेले श्रवणयंत्र म्हणजे कानांचे संरक्षण नव्हे. अशा व्यक्तीने करवत हाती घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो आणि त्यासाठी रोषही पत्करतो.

करवतीची निगा राखणे मात्र संयमी हातांना साजेसे काम आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लगची वायर काढावी (बॅटरीची करवत असल्यास बॅटरी काढावी), जाड हातमोजे घालावेत आणि मगच साखळीला हात लावावा. साखळी पट्टीच्या खालच्या बाजूने लोंबता कामा नये, पण हाताने ओढल्यास सहज सरकली पाहिजे. करवतीतून लाकडाच्या ढलप्या पडत असतील तर धार ठीक आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली. बोथट साखळीला माणूस जोर लावतो आणि तोल तिथेच जातो. धार लावताना योग्य जाडीची गोल कानस एकाच दिशेने, प्रत्येक दातावर सारख्याच वेळा फिरवावी. साखळीच्या तेलाची टाकी रिकामी राहू देऊ नये, हवेची जाळी झटकून स्वच्छ ठेवावी. पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचे ते पुस्तिकेत पाहावे. अनेक यंत्रांत ते लिटरला २० मिलिलिटर असते. पेट्रोल तापलेल्या यंत्रात किंवा चुलीच्या आसपास भरू नये.

घरच्यांसाठी थोडे. काम चालू असताना हाकेच्या अंतरावर कोणीतरी असावे, पण फांदीच्या उंचीच्या दुपटीहून जवळ कोणी उभे राहू नये. जखम झालीच तर हळद किंवा कॉफी भरू नका. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा. ती भिजली तर न काढता वर दुसरी ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. कोणत्या गोळ्या चालू आहेत त्याची चिठ्ठी सोबत द्या. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा झाले होते, हेही डॉक्टरांना सांगा.

गुरुजी परवा रक्तदाब तपासायला आले, तेव्हा सदऱ्याच्या खिशातून कानस डोकावत होती. गावातल्या कटरवाल्याची साखळी हल्ली तेच धार लावून देतात. त्या बदल्यात छपरावरच्या फांद्या तो उतरवून देतो.