वायर सोला, जाळू नका

‘भंगारातून कमाई’ची रील्स तुम्हीही पाहिली असतील. टेबलाला घट्ट आवळलेलं एक छोटंसं यंत्र, हँडल फिरवलं की वायर आत जाते, पात्याने प्लास्टिक उभं चिरलं जातं आणि लखलखीत तांबं बाहेर येतं. इलेक्ट्रिशियनच्या पक्कडीसारखा स्ट्रिपर फक्त वायरचं टोक सोलतो. हे अख्खी वायर सोलतं. पॉकेटमनीचा प्रश्न सुटला, असं वाटतं ना? चला, आधी हिशेब करू.

घरात लाइट-पंख्याला साधारण दीड स्क्वेअर एमएमची वायर असते. ९० मीटरच्या एका गुंडाळीत जवळपास १२०० ग्रॅम तांबं असतं. प्लास्टिक धरून वजन केलं, तर एक किलो वायरीतून साधारण ६५० ग्रॅम तांबं निघतं. आता समजा, भंगारवाला न सोललेल्या वायरीला किलोमागे ३५० आणि सोललेल्या तांब्याला ७०० रुपये देतो. म्हणजे ६५० ग्रॅमचे ४५५. एक किलो सोलल्यावर हातात जादा आले १०५ रुपये. यंत्र २१०० रुपयांना पडलं असेल तर ते फिटायला २० किलो, म्हणजे दहा-अकरा गुंडाळ्या वायर लागणार. एका घराच्या रिनोव्हेशनमधून एवढी निघणं कठीण. भाव रोज बदलतो, म्हणून आकडे तुमच्या भंगारवाल्याकडून घ्या; पण रीत हीच.

आता चार्जर, इयरफोन, डेटा केबल घ्या. त्यांत तांबं केसासारखं बारीक, प्लास्टिकच जास्त. पात्यात ती नीट धरली जात नाही, तुटते. तासभर खपून मूठभर तांबं. वर काही वायरी तर फसव्याच असतात. कानशीने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर बहुधा तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे.

म्हणजे नफा आहे, पण तो जाड वायरीत. मग बारीक वायरीचं तांबं कोण काढतं आणि कसं? उत्तर सगळ्यांना माहीत आहे: काडी लावून. ढीग पेटवला की वेळ लागत नाही, यंत्र लागत नाही. पण वायरीवरचं प्लास्टिक बहुतेक वेळा पीव्हीसी असतं. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. गंमत म्हणजे, ती तयार व्हायला खुद्द तांबंच मदत करतं. जुन्या वायरींच्या आवरणात शिसंही असायचं. हे सगळं आधी आग ढवळणाऱ्या पोराच्या छातीत जातं. आणि इतकं करून जळकं, काळवंडलेलं तांबं सोललेल्या चकचकीत तांब्यापेक्षा कमी भावानेच जातं.

घानाच्या अक्रा शहरातल्या अगबोगब्लोशी या भंगारबाजारात २०१४ मध्ये एका संस्थेने वायर सोलायची यंत्रं बसवली. तरीही जाळणं पूर्ण थांबलं नाही. २०२१ मध्ये तर सरकारने तो बाजारच उठवला. धडा साधा आहे. नुसतं यंत्र देऊन भागत नाही. बारीक वायरीची वेगळी सोय लागते.

आता आपल्याकडे या. भुईगावला एकीकडे समुद्र, सुरूची झाडं आणि भाजीच्या वाड्या. पूर्वेला गेलात की वालीव, सातिवली, गोखिवऱ्याचे गाळे. जुन्या वायरी दोन्हीकडे निघतात. धूर मात्र वाडी आणि गाळा असा भेद करत नाही. ‘हरित वसई’साठी आधीची पिढी रस्त्यावर उतरली होती. आपल्या वाट्याला त्यामानाने सोपं काम आलंय.

माझं म्हणणं एवढंच: हा धंदा एकट्याने करू नका, मिळून करा. कॉलेजच्या एनएसएस युनिटने किंवा गावातल्या मंडळाने एक यंत्र घ्यावं. जाड वायर गोळा करून सोलावी, तांबं विकून आलेले पैसे वाटून घ्यावेत. २० किलोचा आकडा एका घराला जड आहे, गावाला नाही. बारीक वायरी आणि चार्जर वेगळे काढून नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरलाच द्यावेत. त्यातून चार पैसे कमी मिळतील, मिळू देत. तो जादा पैसा कुणाच्या तरी फुप्फुसातून येत असतो. कॉम्प्युटर, टीव्ही मात्र स्वतः फोडत बसू नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार त्याला नोंदणी लागते.

आणि दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. हातमोजे घातल्याशिवाय पात्याजवळ जायचं नाही. आणि वायर कुठून आली हे माहीत नसेल तर ती घ्यायची नाही. रेल्वेची केबल तुमच्याकडे सापडली तर १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. सिग्नलची केबल चोरीला गेली की विरार लोकल रखडते आणि आपलंच लेक्चर बुडतं!

पुढच्या वेळी भंगारवाल्याला वायर देताना फक्त भाव विचारू नका. ‘सोलणार की जाळणार?’ हेही विचारा.