विळ्या-भोपळ्याचे सख्य

दिवाळीच्या तोंडावर हल्ली एक नवाच वाद उकरून काढला जातो. परदेशी गेलेल्या लेकी-मुलांकडून फोटो येतात. घरातली सारी माणसे मिळून भोपळा कोरीत बसलेली असतात. भोपळ्याला डोळे, वेडेवाकडे दात आणि पोटात दिवा. लगेच इकडे कपाळाला आठ्या पडतात. "भुताखेतांचे सण करू लागली! संस्कार बुडाले!" आमच्या सुरगाण्यात एका आजीबाईंनी एवढ्यावरून नातीशी चार दिवस अबोला धरला. ऐन दिवाळीत नातीशी अबोला! मग संस्कार नेमके कोणाच्या घरी बुडाले, हे वाचकांनीच ठरवावे.

परके परके म्हणतात ते काय? तांबडा भोपळा मुळात अमेरिकेचा. मिरची, बटाटा, भुईमूग हेही तिकडलेच. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ते जगभर पसरले. चिवड्यातले शेंगदाणे आणि मिरच्या कोणी वेचून फेकल्याचे मी तरी ऐकलेले नाही!

राहिली भुते. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनचे मूळ आयर्लंडकडचे. हिवाळ्याच्या उंबरठ्यावर मृतात्मे फिरतात, अशी तिकडची जुनी समजूत. तिथली माणसे सलगमाचे कंद कोरून त्यांत दिवा ठेवीत. पुढे ती अमेरिकेत गेली. तिथे कोरायला सोपा असा मोठा भोपळा मिळाला, तेव्हा दिवा त्यात गेला. आणि आपण? धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावतो. आमच्या डोंगरांत आदल्या दिवशी वाघबारस असते. ज्याच्यापासून गुराढोरांना भय, त्या वाघाचेच रूप लाकडावर, सूर्य-चंद्रासह कोरून त्याची पूजा करतात. भयाला तोंड कोरावे आणि त्याच्यापुढे दिवा लावावा, ही रीत आमच्या मातीला अनोळखी नाही.

खरे परके आहे ते बाजारातून पाच मिनिटांत आणलेले. पूर्वी आकाशकंदिलासाठी बांबू तासायचा बापाने, खळ शिजवायची आईने, झिरमिळ्या कातरायच्या पोरांनी. सांगाडा वाकडा झाला म्हणून भांडायचे सगळ्यांनी! आता प्लॅस्टिकचा कंदील येतो, खिळ्याला लटकतो, आणि घरातली चार माणसे चार दिशांना तोंडे करून बसतात. आमचा मुलूख बांबूचा. तरी माझ्या वर्गातल्या कित्येक पोरांना कंदिलाचा सांगाडा बांधता येत नाही. याचे दुःख करायचे सोडून आपण दूरदेशीच्या भोपळ्यावर घसरतो!

आणखी एक बोचरी गोष्ट. आपल्याकडे अनेक घरांत अखंड भोपळ्यावर बाईने सुरी चालवू नये. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग तिने दिवसभर चिरीत बसावे. त्या फोटोत मात्र सुरी लेकीच्या हाती असते आणि बाप शेजारी बसून बिया काढतो. ही रीत परकी असेल, तर ती खुशाल आपल्या घरात येऊ द्या.

तेव्हा मंडळी, भोपळा कोरा अगर कंदील बांधा. पण यंदा घरच्यांनी मिळून काहीतरी हाताने करा. आणि विळा आधी लेकीच्या हाती द्या.