गॅस सिलिंडर स्वतः आणला तर खरंच पैसे वाचतात का?

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज नव्यानं उगवतो. सिलिंडर गोदामातून स्वतः आणला तर एजन्सीला १९ रुपये ५० पैसे परत द्यावेच लागतात, नाही दिले तर तक्रार करा, आणि हा मेसेज दहा जणांना पाठवा. माझ्याकडे तो कॉलेजच्या ग्रुपवरून आला, आईकडे सोसायटीच्या ग्रुपवरून.

मेसेज निम्मा खरा आहे. अशी सवलत आहे, पण आकडा जुना आहे. आणि तो एक महत्त्वाची गोष्ट सांगतच नाही: तो तीस किलोचा ऐवज तुम्ही आणणार कशावर?

आधी पैशांचं बघू. घरगुती सिलिंडरच्या किमतीत वितरकाचं, म्हणजे तुमच्या गॅस एजन्सीचं, कमिशन धरलेलं असतं. किमतीच्या सरकारी तक्त्यात १४.२ किलोच्या सिलिंडरमागे हे कमिशन ७३ रुपये ८ पैसे दाखवलेलं आहे, आणि त्याचे दोन भाग आहेत. ३९ रुपये ६५ पैसे आस्थापना खर्च, म्हणजे ऑफिस, गोदाम, माणसं. उरलेले ३३ रुपये ४३ पैसे डिलिव्हरीचे. एप्रिल २०२५ मध्ये दर ५० रुपयांनी वाढले तेव्हा मुंबईत सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना झाला होता. त्यातले सुमारे चार टक्के फक्त टाकी तुमच्या दारात आणून ठेवण्यासाठी होते.

म्हणजे ‘डिलिव्हरी फ्री आहे’ हेही खोटं आणि ‘डिलिव्हरीचे वेगळे द्या’ हेही खोटं. डिलिव्हरीचे पैसे तुम्ही दर वेळी देताच, फक्त ते बिलात वेगळे दिसत नाहीत. जेवण मागवायच्या अ‍ॅपवर डिलिव्हरी फी, प्लॅटफॉर्म फी, पावसाची फी, सगळं ओळीओळीनं दिसतं. ते बघून राग येतो, पण निदान कळतं तरी. गॅसच्या बाबतीत उलटं आहे. आकडा दिसत नाही, म्हणून दारात ‘वरचे चाळीस द्या’ म्हटलं की आपल्याला वाटतं, हां, डिलिव्हरीचे असतील.

तुम्ही डिलिव्हरी घेतलीच नाही आणि गोदामातून स्वतः उचलला, तर तो डिलिव्हरीचा भाग वजा व्हायला हवा. हीच ती सवलत. १९ रुपये ५० पैसे हा कधीकाळचा दर होता. कमिशन वाढत गेलं तशी ही रक्कमही वाढली. सवलत गोदामातून उचलण्यावर आहे, हेही लक्षात ठेवा. एजन्सीचं बाजारपेठेतलं ऑफिस म्हणजे गोदाम नाही. गोदामाला पेसोचा परवाना लागतो. स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थांवर देखरेख ठेवणारी ही केंद्राची संस्था, मुख्यालय आपल्या नागपुरातच. वस्तीपासून सुरक्षित अंतर सोडावं लागत असल्यामुळे गोदामं सहसा गावाबाहेर, एमआयडीसीच्या मागे किंवा बायपासला असतात. तेहतीस रुपयांसाठी तिथवर जायचं.

स्कूटरवर चालतं का?

इथेच मेसेज पाठवणारे गप्प बसतात. गॅस सिलिंडर नियम २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की भरलेला सिलिंडर सायकलवरून किंवा कुठल्याही दुचाकी वाहनावरून नेता येत नाही. स्कूटरच्या पुढच्या पाय ठेवायच्या जागेत टाकी, दोन्ही गुडघ्यांनी आवळून धरलेली, हे दृश्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात दिसतं. ते नियमाबाहेर आहे. काही ठिकाणी डिलिव्हरीवालेच मोपेडवर दोन्ही बाजूंना टाक्या लटकवून फिरतात. तेही नियमाबाहेर आहे, पण त्यामुळे आपलं नियमात बसत नाही.

हा नियम उगाच नाही. टाकीची स्टीलची भिंत दणकट असते, नाजूक असतो वरचा व्हॉल्व. आत गॅस द्रवरूपात असतो आणि वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ. टाकी उभी असेल तर व्हॉल्वपाशी फक्त वाफ असते. ती आडवी पडली की द्रव व्हॉल्वपाशी येतो, आणि गळती झालीच तर हा द्रव बाहेर पडून सुमारे २५० पट जागा व्यापणारा गॅस होतो. भरलेल्या टाकीचं वजन तीस किलोच्या आसपास: १४.२ किलो गॅस, आणि रिकाम्या टाकीचे पंधरा-सोळा किलो. स्पीडब्रेकरवर एवढं वजन पायात सरकलं तर गाडी कुठे जाईल हे स्कूटर चालवणाऱ्याला सांगायला नको.

मग रिक्षा? मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरचं. रिकामी टाकी घेऊन जायचं, भरलेली घेऊन यायचं: ५२ रुपये, तेही गोदाम दीड किलोमीटरच्या आत असेल आणि रिक्षावाला टाकी बघून पुढे निघून गेला नाही तर. वाचणार होते ३३. लोकल आणि एसटीचा विचारच करू नका, प्रवासी गाडीत गॅसची टाकी नेणं हा गुन्हा आहे.

राहिली कार. गोदाम पाच किलोमीटरवर आहे असं धरा. जाऊन-येऊन दहा किलोमीटर, गाडी लिटरला पंधरा देते, पेट्रोल शंभरच्या वर. म्हणजे सत्तर रुपयांच्या आसपास पेट्रोल जळलं. सीएनजीची गाडी असेल तर इंधन स्वस्त पडेल, पण तिच्या डिकीत आधीच एक सिलिंडर बसलेला असतो, तुमचा ठेवणार कुठे? कारमध्ये आणायचाच असेल तर टाकी उभी, बांधलेली, वरची टोपी घट्ट लावलेली, काचा खाली. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. एसी लावून बंद गाडीत तो तुमच्या पायापाशी साचत राहील.

मी स्वतः एकदा मित्राच्या गाडीतून गोदामावर गेलो होतो, हे प्रत्यक्षात कसं चालतं ते बघायला. खिडकीतल्या माणसानं आधी सांगितलं की सवलत कधीच बंद झाली. मग मी म्हणालो, ठीक आहे, तसं पावतीवर लिहून द्या. त्यानं आत जाऊन कुणाशी तरी बोलून पैसे कमी केले. माझं म्हणणं असं नाही की सगळीकडे असंच होतं. पण ‘लिहून द्या’ या दोन शब्दांत ताकद आहे एवढं नक्की. एक मात्र सांभाळा. अ‍ॅपवरून आगाऊ पैसे भरलेत तर डिलिव्हरीसकट पूर्ण रक्कम आधीच गेलेली असते. स्वतः उचलायचा असेल तर बुकिंगनंतर एजन्सीला तसं सांगा आणि पैसे गोदामावर पावती घेऊनच द्या.

तेव्हा शहरात, पत्त्यावर डिलिव्हरी मिळत असेल, तर स्वतः आणण्यात कमाई नाही. गावाकडचं गणित वेगळं आहे. २००९ मध्ये ग्रामीण वितरक योजना सुरू झाली तेव्हा ग्राहक येऊन टाकी घेऊन जाईल हीच पद्धत धरलेली होती. आजही वाड्या-वस्त्यांवर लोक आठवडी बाजाराच्या दिवशी जीपमध्ये चार-पाच घरांच्या टाक्या एकत्र टाकून आणतात. तिथे प्रश्न सवलतीचा नाहीच. जवळच्या फाट्यापर्यंत गाडी आली तरी लोक खूश असतात. अशांनी पावतीवर डिलिव्हरीचे पैसे लागलेत का हे मात्र जरूर बघावं. जी सेवा मिळालीच नाही तिचे पैसे त्यांच्याकडून जात असतील, तर सवलतीवर पहिला हक्क त्यांचा आहे.

मग दारातले ‘वरचे’ पैसे?

माझ्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्याचे चाळीस रुपये असा अलिखित दर आहे, आणि पावती मागितली की दादा हसतात. मला त्यांचा राग येत नाही. बऱ्याच ठिकाणी या लोकांना पक्का पगार नसतो, नगावर पैसे असतात. ३३ रुपयांतले त्यांच्या हातात किती पडतात हे एजन्सी ठरवते. तीस किलो खांद्यावर घेऊन तीन जिने चढणाऱ्याला मी खुशीनं वीस रुपये दिले तर तो माझा प्रश्न. पण तो दर म्हणून मागितला जातो आणि न दिल्यास पुढच्या वेळी टाकी खालीच ठेवली जाते, तेव्हा ते बक्षीस राहत नाही. नियमानुसार टाकी तुमच्या दारापर्यंत आणि पावतीवर छापलेल्या किमतीतच मिळायला हवी, मजला कितवाही असो.

तुमच्या फोनवर येणारा डीएसी, म्हणजे डिलिव्हरीचा कोड, इथे कामाचा आहे, पण त्याचं काम नेमकं कळलं तरच. २०२० च्या शेवटी तो मोठ्या शहरांपासून सुरू झाला. हेतू एकच होता: तुमच्या नावाची टाकी हॉटेलवाल्याकडे जाऊ नये. तुम्ही कोड सांगितला की कंपनीच्या सर्व्हरवर ‘मिळाली’ अशी नोंद होते. किती पैसे घेतले याच्याशी कोडचा संबंध नाही. म्हणून ‘कोड आत्ता सांगा, टाकी संध्याकाळी येईल’ म्हटलं तर सांगू नका. नोंद झाली की टाकी आली नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. टाकी दारात, वजन करून झालं, सील बघितलं, मगच कोड. स्वतः गोदामातून उचलतानाही हाच क्रम.

वजन कसं बघायचं? टाकीच्या वरच्या कड्याला रिकाम्या टाकीचं वजन रंगवलेलं असतं. समजा १५.७ लिहिलंय. त्यात १४.२ मिळवा, काटा २९.९ च्या आसपास दिसायला हवा. डिलिव्हरीवाल्याकडे वजनकाटा असणं बंधनकारक आहे, मागा. त्याच कड्याच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे असतात, उदाहरणार्थ बी २८. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, पुढे सी आणि डी. ही टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत, गॅसची नाही. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दहा सेकंदांचं काम आहे.

पैसे जास्त घेतले तर तक्रार कंपनीच्या अ‍ॅपवर करता येते. पण माझ्या मते त्याहून मोठं हत्यार म्हणजे पोर्टेबिलिटी. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते तसं गॅसचं कनेक्शनही तुमच्या भागातल्या दुसऱ्या एजन्सीकडे अ‍ॅप किंवा वेबसाइटवरून हलवता येतं. हे फार कमी लोक वापरतात.

साठवणुकीचं थोडक्यात. परवान्याशिवाय १०० किलोपर्यंत गॅस ठेवता येतो, असं सिलिंडर नियम म्हणतात, त्यामुळे दोन टाक्यांच्या कनेक्शनवाल्यानं घाबरायचं कारण नाही. दुसरी टाकी उभी, टोपी लावून, हवा खेळेल अशा जागी. ओट्याखालच्या बंद कपाटात किंवा तळघरात नको, कारण पुन्हा तेच: गॅस खाली साचतो. गॅसमुळे दुर्घटना झाली तर कंपन्यांचा विमा असतो. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाखांपर्यंत आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत, पण मालमत्तेची भरपाई कनेक्शनवर नोंदवलेल्या पत्त्यापुरतीच आहे. भाड्याची खोली बदलून पत्ता न बदलणारे विद्यार्थी इथे अडकतात. गळतीचा वास आला तर खिडक्या उघडा, कुठलंही बटण चालू-बंद करू नका, घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

एप्रिल २०२५ मध्ये भोपाळला झालेल्या बैठकीनंतर गॅस वितरकांच्या संघटनेनं कमिशन किमान १५० रुपये करा, नाहीतर तीन महिन्यांत संप, असा इशारा दिला होता. त्यांचं म्हणणं सरसकट खोटं नाही, इंधन आणि मजुरी दोन्ही वाढलंय. पण कमिशन वाढलं की त्यातला डिलिव्हरीचा भागही वाढणार, आणि तो आपल्याच किमतीतून जाणार. तसं होईल तेव्हा मला एक गोष्ट बदललेली बघायला आवडेल: बुकिंगनंतर येणाऱ्या एसएमएसमध्ये कोडच्या शेजारी ‘यात डिलिव्हरीचे इतके’ असा आकडा. कोड पाठवणाऱ्या यंत्रणेला एवढी एक ओळ जास्त पाठवणं अवघड नाही.