भरण्याआधी चाखा

दोडक्याचं नाव काढलं की घरात नाकं मुरडली जातात. पण चिरून केलेली पचपचीत भाजी बाजूला सारणारेच भरला दोडका असला की एक भाकरी जास्त खातात. म्हणून या पावसाळ्यात दोडका भरून कराच, फक्त एक पथ्य पाळा. ते शेवटी सांगतो.

दोडके कोवळे आणि बारीक घ्या, नख सहज रुतलं पाहिजे. शिरा खरवडा, पण टाकू नका. तीळ, लसूण, हिरवी मिरची घालून परतल्या की त्यांची झकास चटणी होते. दोडक्याचे दोन-दोन इंचांचे तुकडे करून वांग्याला देतो तशा उभ्या-आडव्या चिरा द्या. खालचं टोक जोडलेलं राहू द्या.

सारण ज्याच्या त्याच्या मुलखाचं. देशावर दाण्याचं कूट, तीळ, गोडा मसाला, चिंच-गूळ. कोकणात ओलं खोबरं आणि कोथिंबीर. खानदेशी हात पडला की भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण आणि काळा मसाला. बंगालात परवल पोखरून त्यात खोबरं किंवा मासे भरतात, त्याला पटोलेर दोरमा म्हणतात. लेबनॉन-सीरियाकडे कूसा नावाच्या छोट्या भोपळ्यात तांदूळ आणि खिमा भरतात.

दोडका शिजला की आटतो, म्हणून मीठ हात राखून घाला. फोडणीत तुकडे अलगद ठेवा, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवा. दोडक्याला स्वतःचंच पाणी सुटतं. रस हवा असेल तर गरम पाणी घाला.

आता ते पथ्य. दोडका, दुधी, काकडी, भोपळा यांपैकी एखादं फळ क्वचित कडूजहर निघतं. तो कडूपणा ककुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवून जात नाही. पोटात गेला तर उलट्या, जुलाब होतात, कधी दवाखाना गाठावा लागतो. कारल्याची गोष्ट वेगळी, ते मुळातच कडू. भरल्या भाजीत धोका असा की गूळ-मसाल्याखाली कडूपणा लपतो. म्हणून चिरतानाच प्रत्येक दोडक्याची चकती जिभेला लावून थुंका. कडू लागला तर अन्न टाकू नये हा संस्कार त्या दिवसापुरता बाजूला ठेवा आणि तो दोडका टाकून द्या. टोपलीतला एक चाखून भागत नाही, प्रत्येक चाखा.