आई कुठे होती?

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात माझी नऊ वर्षांची भाची पोहण्याच्या शिबिराला गेली आणि मानेच्या मणक्याला मार लागून दवाखान्यात पोचली. आमच्या नगर जिल्ह्यातलेच (आता अहिल्यानगर म्हणायचे) तालुक्याचे गाव. खाजगी तलाव, फी भरलेली, पावती घेतलेली. कडेवरचे खोलीचे आकडे पुसून गेलेले. शिकवणारा एकच, तोही फाटकापाशी फोनवर. पोरीने उथळ बाजूला सूर मारला. आज ती चालते. उजवा हात मात्र खांद्याच्या वर जात नाही.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात जमलेल्या प्रत्येकाने माझ्या बहिणीला एकच विचारले. सासूने, दिराने, जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराने, अगदी एक्सरे काढणाऱ्या मुलानेही. "तुम्ही कुठं होता?" ती अंगणवाडीत होती, मदतनिसाच्या कामावर. मेव्हणेही कामावरच होते, पण त्यांना कोणी विचारले नाही. आणि तलावाचा मालक कुठे होता, हे तर कोणाच्या डोक्यातच आले नाही.

मैत्रिणींनो, मला राग येतो तो इथे. या एका प्रश्नाने किती मालक सुटले असतील! बाई आधीच स्वतःला खात असते. तिला गुन्हेगार ठरवले की ती तक्रार कशाला करेल? चौथ्या दिवशी मालक वीस हजार रुपये आणि लिहून आणलेला कागद घेऊन घरी आला. "मिटवून टाका," घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला. मेव्हणे सही करायला निघालेच होते. बहिणीने कागद हातातून काढून घेतला, म्हणून पुढचे सगळे लिहिता येते आहे.

कायद्याचा प्रश्न वेगळा असतो. पैसे घेऊन मुलांना पाण्यात उतरवणाऱ्याने काळजी घेतली का, एवढेच तो पाहतो. समजा आईचे दुर्लक्ष झालेही, तरी त्याने मुलाचा मालकाविरुद्धचा हक्क बुडत नाही. 'आपल्या जबाबदारीवर उतरावे' ही पाटी म्हणजेही कायदा नव्हे. पाटी ठोकली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही.

पहिले काम पोलिसांकडे. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १२५ खाली निष्काळजीपणाने दुखापत केल्याचा गुन्हा आहे, गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. मूल दगावले तर कलम १०६. 'अपघात आहे, गुन्हा कसला' असे ठाण्यात सांगितले, तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आणि तेही हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे जावे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. त्याच दिवशी तलावाचे फोटो काढा आणि कॅमेऱ्याचे चित्रण पुसू नये म्हणून मालकाला लेखी पत्र द्या. आम्हाला ते आठवडाभराने सुचले. तोवर चित्रण 'उडाले' होते.

भरपाईसाठी ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे पुण्याकडच्या वॉटर पार्कमध्ये मार लागला तरी फिर्याद नगरला चालते. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल, आणि तिकिटाची किंवा शिबिराची असणारच, तर तक्रारीला फी नाही. पैसे मावशीने भरले म्हणून मूल ग्राहक नाही, असेही होत नाही. १९९८ साली एका रुग्णालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूल आणि आईबाप दोघांनाही ग्राहक मानले आहे. दिवाणी दाव्याचीही वाट आहे. ती लांबची आहे, पण अज्ञान मुलाची मुदत सज्ञान झाल्यावर मोजली जाते. शिवाय दावा दाखल झाल्यावर मुलाच्या वतीने तडजोड करायची तर कोर्टाची परवानगी लागते. काका-मामांनी ओट्यावर बसून मिटवण्याचा तो विषय राहत नाही.

शाळेने नेले असेल तर? १९९५ साली पठाणकोटजवळच्या एका शाळेची चौदा मुले सहलीत बियास नदीत बुडाली. प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायम केली.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २०२० चा निकाल. तो पोहण्याचा नाही, रस्त्यावरचा आहे. ट्रॅक्टरवरून आईवडिलांबरोबर जाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला ट्रकने उडवले, ती कायमची परावलंबी झाली. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई बासष्ट लाखांवर नेली, आणि त्यात दोन मदतनिसांचे महिना दहा हजार धरून एकवीस लाख साठ हजार घातले. हे वाचून मी बहिणीकडे पाहिले. तिने अंगणवाडी सोडली आहे. सकाळ-संध्याकाळ मालिश, व्यायाम, शाळेत नेणे-आणणे. घरात याला 'आईच आहे ती' म्हणतात. न्यायालयाने अशा कामाची किंमत रुपयांत मांडली. आमच्या तक्रारीत हे कलम मी हट्टाने घालायला लावले. वकील हसले, पण घातले.

वकिलाच्या पैशांची भीती धरू नका. १९८७ च्या कायद्याने बाईला आणि मुलाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे.

शेततळ्यांचे काय, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात टाळता येत नाही. प्लास्टिकच्या कागदावरून घसरलेले पोर वर चढूच शकत नाही. तिथे तिकीट नाही म्हणून ग्राहक आयोगही नाही. उरतात पोलीस आणि दिवाणी दावा. कुंपण आणि काठाला बांधलेला दोर यांना किती पैसे लागतात?

तक्रार लिहिताना वकिलांनी विचारले, "वडिलांचं नाव घालतो." बहीण म्हणाली, "माझं घाला." घालता येते. ग्राहक कायद्यात अज्ञान मुलाच्या वतीने आई किंवा बाप, कोणीही तक्रारदार होऊ शकतो. १९५६ च्या कायद्याने पालक म्हणून आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई असे लिहिले होते. त्या 'नंतर'चा अर्थ बाप मरेपर्यंत थांबणे असा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले आहे.

मालकाचे उत्तर गेल्या महिन्यात आले. पहिल्याच परिच्छेदात: 'मुलीच्या आईने योग्य लक्ष दिले नाही.' आम्ही लिहून दिले आहे की त्या वेळी मुलीची आई गावातली पंचवीस मुले सांभाळत होती, आणि त्यांतल्या एकालाही खरचटले नव्हते. पुढची तारीख पंधरा दिवसांवर आहे.